एक फेक, दोन वेग

हाताने फेकायच्या ग्लायडरला इंजिन नसते, रबराचा पीळ नसतो, ओढून वर न्यायला दोरीही नसते. जी ऊर्जा मिळायची ती माणसाच्या खांद्यातून एका क्षणात मिळते आणि त्यानंतर विमान व हवा यांच्यातच काय तो व्यवहार उरतो. जोरदार फेकीत विमान हातातून सुटते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या घरात असतो. वर पोहोचून ते तरंगू लागले की हाच वेग सेकंदाला चार-पाच मीटरवर उतरतो. हवेचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फेकीच्या क्षणी शेपटीच्या एका बारीकशा बाकावर येणारे बल तरंगतानाच्या बलाच्या पंचवीसपट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. तरंगताना जी शेपटी विमानाला अलगद डावीकडे वळवते, तीच फेकीत त्याला पालथे पाडते. या छंदातील जवळजवळ सगळी खटपट या एका आकड्यापायी करावी लागते.

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेतील काही मुले-मुली आणि मी मिळून असे ग्लायडर बांधतो, गावाबाहेरच्या बरडावर ते उडवतो आणि हिवाळ्यात नागपूर-अमरावतीकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत जिथे अशी स्पर्धा असेल तिथे उतरतो. बरड म्हणजे मुरमाड, उथळ मातीची, पेरणीला न परवडणारी चढाची जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कुचकामी असते, पण ग्लायडर उडवणाऱ्याला तिच्यासारखी जागा नाही, कारण तिथे पीक तुडवले जात नाही आणि आजूबाजूच्या काळ्या वावरांवरून उठणारी हवा तिथून नीट ओळखू येते.

हा खेळ विमानापेक्षाही जुना आहे. इंग्लंडमधील सर जॉर्ज केली यांनी १८०४ साली जो लहान ग्लायडर बनवला, त्यात दांड्यावर पतंगासारखा पंख, मागे हव्या त्या कोनात वळवता येणारी फुलीच्या आकाराची शेपटी आणि पुढे-मागे सरकवता येणारे वजन अशी रचना होती. आज आमच्या बरडावर एखादा आठवीतला मुलगा नाकावर चिकणमातीचा गोळा चिकटवून शेपटीचा कोन बोटाने तपासतो, तेव्हा तो याच दोन गोष्टी हाताळत असतो. ट्रिम करणे म्हणजे मुळात वजनाची जागा आणि शेपटीचा कोन यांचा मेळ घालणे, आणि हा मेळ एका वेगासाठी घालणे सोपे असले तरी दोन वेगांसाठी एकाच वेळी घालणे अवघड असते.

सुरुवात लाकडापासून होते आणि माझ्या मते निम्मे विमान लाकूड निवडतानाच ठरून जाते. बाल्साचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील असून बाजारात येणारे बहुतेक लाकूड इक्वेडोरमधून येते. एकाच झाडाच्या, एकाच गठ्ठ्यातल्या दोन फळ्यांच्या वजनात मोठी तफावत असते, त्यामुळे जाडी पाहून घेतलेली फळी उपयोगाची निघेलच असे नाही. आम्ही प्रत्येक फळी तोलून घेतो. १ मीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड फळीचे घनफळ ५०० घन सेंटीमीटर भरते. ती ५० ग्रॅमची असेल तर घनता दर घनमीटरला १०० किलो, आणि ८० ग्रॅमची असेल तर १६० किलो. पहिली पंखाला घ्यावी, दुसरी धडाला. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा शाळेच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हापासून मुलांना घनता हा धडा वेगळा शिकवावा लागलेला नाही.

वजनानंतर काप पाहायचा. झाडाच्या वर्तुळांना काटकोनात चिरलेल्या फळीवर, उजेडात तिरकी धरली असता, माशाच्या खवल्यांसारखे चकाकणारे ठिपके दिसतात. ही फळी आडवी वाकवू गेल्यास वाकत नाही, आणखी जोर लावला तर मोडते. पंखाला आणि शेपटीला हाच ताठपणा हवा असतो, कारण फेकीच्या क्षणी पंख फडफडला तर उंची तिथेच संपते. वर्तुळांना स्पर्शून चिरलेली फळी मात्र सहज गोल वळते. नळी करायची असल्यास ती उत्तम, सपाट पंखाला निरुपयोगी. दुकानदार सहसा हे वेगळे करून देत नाहीत आणि घरपोच मागवताना निवडीची सोय नसते, म्हणून गरजेपेक्षा थोड्या जास्त फळ्या मागवून उरलेल्या धड, फासळ्या आणि दुरुस्तीसाठी ठेवाव्यात.

आपल्याकडची लाकडे चालणार नाहीत का, असे गावात नेहमी विचारले जाते. काटेसावर हलकी खरी, पण ती बाल्साच्या दुपटी-तिपटीने भरते. पांगाऱ्याचेही तसेच आहे. शिकाऊ मुलांना मात्र मी पहिला ग्लायडर ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचाच करायला लावतो. धांड्याची दांडी, खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचा पातळ कापलेला पंख, पुठ्ठ्याची शेपटी आणि नाकाशी खोवलेला लोखंडी खिळा एवढ्यावर समतोलाची सगळी तत्त्वे शिकता येतात आणि मोडल्यास कोणी हळहळत नाही.

आमचे नेहमीचे विमान सुमारे ४५० मिलिमीटर पंखविस्ताराचे, मध्याशी १०० मिलिमीटर रुंदीचे आणि तयार झाल्यावर २५ ते ३० ग्रॅम वजनाचे असते. पंखाचा छेद खालून सपाट, वरून फुगीर ठेवतो. सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून चौथाई ते तिसऱ्या भागाच्या दरम्यान. आधी छोट्या रंध्याने ढोबळ आकार काढून मग लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या पॉलिश पेपरने घासायचे, १२० नंबरपासून सुरू करून ४०० नंबरपर्यंत जायचे, आणि दोन्ही बाजूंचे अर्धे पंख वारंवार काट्यावर ठेवून त्यांचे वजन जुळवायचे. घासताना हाताने नुसता कागद धरला तर मऊ भाग जास्त खाल्ला जातो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात, म्हणून ठोकळा सोडायचा नाही. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते. मला ते आवडते; पावसाळ्यात वीज गेली की ओसरीवर बसून करण्यासारखे याहून चांगले काम नाही.

पंख मध्याशी आणि दोन्ही टोकांजवळ कापून वर उचलून चिकटवायचा असतो, म्हणजे विमान एका बाजूला कलले तर आपोआप सावरते. हे सांधे फेकीत सर्वांत जास्त ताण सोसतात. झटपट चिकटणारा गोंद सांध्यात ठिसूळ राहतो, असा आमचा अनुभव असल्याने आम्ही तिथे सुतारकामाचा पांढरा गोंदच वापरतो, तोही दोनदा: पहिला पातळ हात लाकडात मुरू द्यायचा, तो सुकल्यावर दुसरा हात देऊन सांधा दाबून ठेवायचा आणि रात्रभर हलवायचा नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या विमानाला उजव्या पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेला, तर्जनी टेकवण्यापुरती प्लायवूडची चिमुकली पट्टी लावतो. सगळी फेक त्या एका बोटातून विमानात उतरते, त्यामुळे ही पट्टी ज्याच्या त्याच्या बोटाच्या मापानेच घासलेली बरी.

रंगाबाबत एक सूचना. पंखाची खालची बाजू काळी किंवा गडद ठेवावी, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर गडद रंगच लांबवर दिसतो. वरची बाजू भडक गुलाबी किंवा लाल असावी, कारण शोधताना आपण वरून पाहत असतो. पांढरा पंख फुटलेल्या कपाशीत पडला तर तो वेचणी होईपर्यंत सापडेल याची खात्री मी देणार नाही.

आता ट्रिमकडे येतो. पहिले काम घरीच होते. विमान डोळ्यांच्या रेषेत धरून मागून पाहावे. पंखात नको असलेला पीळ असेल तर त्या जागी किटलीच्या वाफेचा स्पर्श देऊन उलट्या दिशेने हलके पिळावे आणि गार होईपर्यंत धरून ठेवावे. डाव्या पंखाच्या आतल्या भागाची मागची कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली ठेवावी, कारण विमान डावीकडे घिरट्या घालणार आहे आणि आतल्या बाजूचा पंख थोडी जास्त उचल देणारा नसेल तर घिरटी आवळत जाऊन विमान गोल-गोल खाली घुसते. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण ५० ते ६० टक्क्यांवर आणावा. मोठ्या विमानांच्या मानाने हा बराच मागे आहे, त्याचे कारण पुढे येईल.

मैदानातील ट्रिमसाठी डिसेंबर-जानेवारीतली पहाट हवी. या दिवसांत रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतचा हवेचा थरही थंड व जड होऊन बसून राहतो आणि सूर्य वर येईपर्यंत पानही हलत नाही. अशा हवेत विमानाने जे केले ते विमानानेच केले, हे निश्चित असते. खांद्याच्या उंचीवरून, दहा-बारा पावलांवरच्या एखाद्या दगडाकडे नाक किंचित खाली ठेवून, विमान नुसते ढकलायचे. नाक उचलून थबकले आणि मग डोके आपटल्यासारखे खाली आले, तर नाकावर चिकणमातीचा कण वाढवायचा. सरळ जमिनीत शिरू लागले, तर कण काढायचा. यात कोणालाही अर्ध्या तासात यश येते आणि नवशिक्याला वाटते की विमान तयार झाले.

पूर्ण ताकदीची फेक केल्यावर मात्र तेच विमान वर जाऊन मागे उलटते, म्हणजे लूप घेते, आणि फेकणाऱ्याच्या पायाशी येऊन आदळते. कारण साधे आहे. नाक जड करून तरंगण्याचा समतोल साधला, की ते जड नाक उचलून धरण्यासाठी पंख आणि आडवी शेपटी यांच्या कोनांत फरक ठेवावा लागतो. सेकंदाला पाच मीटर वेगाला हा फरक नाक हलकेच सावरतो. पंचवीस मीटर वेगाला तोच फरक पंचवीसपट जोराने नाक वर फेकतो. यावर उपाय एकच: नाकातले वजन काढायचे, गुरुत्वमध्य मागे न्यायचा आणि पंख-शेपटीच्या कोनांतला फरक जवळजवळ शून्यावर आणायचा. हे दोन्ही बदल नेहमी जोडीने करावे लागतात. नुसते वजन काढले तर विमान थबकत राहते, नुसता कोन कमी केला तर ते जमिनीत घुसते. फेकीनंतर लूप घेण्याऐवजी विमान सरळ रेषेत चढू लागेपर्यंत दोन्हीकडे थोडे-थोडे करत राहायचे. गुरुत्वमध्य फार मागे गेला तर दुसरे संकट उभे राहते: झुळकेने नाक खाली गेले की ते परत वर येत नाही आणि विमान सूर मारून जमिनीवर पोहोचते. दोन्ही संकटांच्या मधली पट्टी अरुंद असते, काही मिलिमीटरांची.

वळणाचेही असेच. उभ्या शेपटीची मागची कड डावीकडे वाकवली तर तरंगताना विमान डावीकडे वळते खरे, पण फेकीत तो बाक पंचवीसपट बोलतो. म्हणून तरंगतानाचे वळण मी शक्यतो आडव्या शेपटीच्या कलातून काढतो. मागून पाहताना आडवी शेपटी डावीकडे किंचित उंच बसवली, तर तिची उचल शेपटीला उजवीकडे ओढते आणि नाक डावीकडे जाते. गुरुत्वमध्य मागे असल्याने तरंगताना शेपटीलाही काही भार उचलावा लागतो, म्हणून हा कल तेव्हा काम करतो. फेकीच्या वेळी मात्र विमान हवेला जवळजवळ सपाट सामोरे जाते, शेपटीवर उचल फारशी नसते आणि कलाचा परिणाम वेगाबरोबर त्या प्रमाणात वाढत नाही. मला या सगळ्या प्रकरणात ही युक्ती सर्वांत देखणी वाटते: एकाच शेपटीला दोन वेगांत दोन निरनिराळे हुकूम देता येतात.

फेकताना उजव्या हाताच्या माणसाने विमान उजवीकडे कलते धरून, वाऱ्याच्या थोडे उजवीकडे, तिरके वर सोडावे. ते उजवीकडे वळत चढते, वर जाताना वेग कमी होतो, उभ्या शेपटीतला अगदी अल्पसा डावा बाक त्याला हळूहळू सपाट करतो आणि शिखरावर ते थबकल्याशिवाय डाव्या घिरटीत शिरते. शिखरावर उजवीकडेच घसरून खाली आले, तर डावा बाक कागदाच्या जाडीएवढा वाढवावा किंवा फेकताना कल कमी ठेवावा. चढतानाच डावीकडे उलटले, तर बाक कमी करावा. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहूनच. मुले वही टाळतात; ज्याच्याकडे वही नाही त्याला मी दुसरी फेक करू देत नाही.

फेक ही शरीराची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल लिहून फारसे कळत नाही. सीमारेषेवरून चेंडू थेट यष्टीवर मारणाऱ्या मुलांना आणि भालाफेक करणाऱ्या मुलींना ती चटकन जमते. थंडीत खांदा गरम न करता पूर्ण जोर लावू नये, एवढे सांगून पुढे जातो.

पंखाचे टोक धरून, थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन सोडण्याची दुसरी रीतही आहे. उजव्या हाताचा माणूस डाव्या पंखाच्या टोकाला बसवलेली खुंटी दोन बोटांत धरतो. हाताची लांबी आणि पंखाची लांबी मिळून वर्तुळाची त्रिज्या वाढते, त्यामुळे सुटतानाचा वेग आणि उंचीही वाढते. रेडिओ नियंत्रणाचे जे आंतरराष्ट्रीय ग्लायडर या रीतीने फेकतात त्यांचा वर्ग एफ३के म्हणून ओळखला जातो. त्यात पंखविस्तार १५०० मिलिमीटरपर्यंत आणि वजन ६०० ग्रॅमपर्यंत चालते, आणि चांगले स्पर्धक ६० मीटरच्या वर फेकतात. या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा २०११ साली स्वीडनमधील आर्बोगा येथे झाली. तिथे ठरलेल्या वेळात, बहुधा दहा मिनिटांत, किती वेळा फेकायचे, केव्हा उतरवायचे आणि केव्हा धोका पत्करायचा याचा हिशेब स्पर्धक करत असतो आणि विमान आखलेल्या मैदानात उतरले तरच उड्डाण धरले जाते. कार्बनचा दांडा, शेपटी हलवणारी बारीक मोटर म्हणजे सर्व्हो आणि रेडिओचे संकेत पकडणारा रिसीव्हर यांचा खर्च शाळेच्या आवाक्यातला नाही, पण त्याहूनही मला वाटते ते असे की, ज्याला आधी नियंत्रणाशिवाय विमान सोडता येते त्याला पुढे नियंत्रणाने ते उडवताना हात कमी हलवावा लागतो.

आता हवेचा हिशेब. समजा विमान २० मीटर उंच गेले आणि स्थिर हवेत सेकंदाला अर्धा मीटर उतरते, तर ते ४० सेकंद हवेत राहील. हिवाळाभर घासून-पुसून उतरण्याचा वेग ०.४५ मीटरवर आणला, तर ४४ सेकंद मिळतील. फेक दोन मीटर उंच केली, तरीही ४४ सेकंदच. आणि तेच विमान वर चढणाऱ्या हवेत पडले तर दोन मिनिटे सहज. म्हणजे कारागिरीचे चार सेकंद आणि हवेचे ऐंशी. हा हिशेब मांडला की मुले विचारतात, मग एवढे ट्रिम कशाला करायचे? उत्तर असे की, ट्रिम नसलेले विमान खाली येते तेव्हा ते स्वतः थबकले म्हणून आले की हवाच खाली बसत होती म्हणून, हे ओळखता येत नाही. विमानाचा भरवसा असेल तरच त्याच्या वागण्यावरून हवेबद्दल काही शिकता येते.

आमच्या भागात हवा वाचायला साधने फुकट मिळतात. नांगरून किंवा वखरून ठेवलेले काळे वावर ऊन पटकन शोषते; शेजारी ओलिताचा हरभरा, गहू किंवा संत्र्याची बाग असेल तर ती थंड राहते. अशा काळ्या आणि हिरव्या जमिनीच्या सीमेवरून, बहुधा धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आसपास, तापलेल्या हवेचा फुगा सुटतो. तो सुटताना आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढतो. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे असताना समोरून येणारी झुळूक अचानक मंदावली आणि गालाला ऊब जाणवली, तर फुगा जवळ येतो आहे; मागून वारा लागू लागला, तर तो नेमका समोर आहे; आणि समोरून थंड वारा जोराने वाहू लागला, तर तो आपल्याला ओलांडून गेला आहे आणि आता फेकणे व्यर्थ आहे. एका काठीला बांधलेली चकाकीची पातळ फीत हे सगळे माणसाच्या गालापेक्षा आधी सांगते.

त्याहून चांगली साधने बरडावरच उगवलेली असतात. रुईचे बोंड फोडून त्यातल्या म्हाताऱ्या एकेक करून सोडाव्यात. त्या जमिनीला समांतर वाहत गेल्या तर थांबावे. कुठेतरी जाऊन एकाएकी वर चढू लागल्या तर तिकडे फेकावे. घार हा तर पक्का साक्षीदार. बरडाशेजारी ज्यांचे वावर आहे ते काका विमानशास्त्र शिकलेले नाहीत, पण एका दुपारी बैल सोडून पाणी पिता पिता ते म्हणाले, "सर, ते घार पाहा, पंख नाई हालवून रायली. आता सोडा तुमचं पाखरू." त्या घारीच्या खालोखाल फेकलेले विमान ठिपका होईपर्यंत वर गेले. वर चढणाऱ्या हवेच्या शेजारी तितकीच खाली बसणारी हवा असते, हे मात्र विसरू नये. फुग्याच्या कडेला चुकून पडलेले विमान स्थिर हवेतल्यापेक्षा लवकर खाली येते. संक्रांतीच्या आधी-नंतरचे काही दिवस आम्ही गावाजवळ उडवत नाही, कारण हवेत मांजा असतो.

विमान असे वर गेले की ते परत आणण्याची सोयही हवी. अमेरिकेतील ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या नियमांत हाताने फेकायच्या मैदानी ग्लायडरसाठी एका उड्डाणाची कमाल मर्यादा १२० सेकंद असते आणि सहापैकी उत्तम तीन उड्डाणांची बेरीज धरतात. आम्हीही तोच नियम घेतला आहे. १२० सेकंदांनंतर हवेत राहून गुण वाढत नाहीत, फक्त चालणे वाढते: सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात दोन मिनिटांत विमान ३६० मीटर वाहून जाते. म्हणून मर्यादा संपताच आडवी शेपटी किंवा पंख झटक्याने उचलून विमान मुद्दाम खाली पाडणारी युक्ती बसवतात. पूर्वी यासाठी सावकाश जळणारी सुती वात वापरत. आमच्याकडे कडबा, तुराट्या आणि वाळलेले गवत चोहीकडे असताना हवेतून जळती वात पाठवणे हा विचारसुद्धा करू नये. घट्ट सिलिकॉन लगद्यातून हळूहळू सरकणारा छोटा खटका आम्ही वापरतो. तो एखाद्या ग्रॅममध्ये बसतो. हा लगदा उन्हात पातळ होऊन लवकर सुटतो, म्हणून त्याची वेळ घरी नव्हे तर मैदानात, त्या वेळच्या उन्हातच तपासावी.

शोधायला जाताना विमान जिथे दिसेनासे झाले त्या रेषेवरचे दूरचे झाड किंवा विजेचा खांब मनात पक्का करावा आणि मगच पाय उचलावा. आकाशाकडे पाहत धावण्याला आमच्याकडे सक्त मनाई आहे. वावरांत बिनकठड्याच्या विहिरी असतात, आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा दिवसाही चालू असू शकतात. एक जण उभा राहून बोट दाखवत रेषा धरून ठेवतो, दुसरा धुऱ्याधुऱ्याने जातो. पंखावर शाळेचे नाव आणि गाव लिहिलेले असते. वेचणीला आलेल्या बाया विमान सापडले तर शाळेत आणून देतात.

महाविद्यालयांच्या स्पर्धांबद्दल माझी एक तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी नाव पुकारले की अर्ध्या मिनिटात फेकावे लागते. संयोजकांची अडचण मला कळते, स्पर्धक पुष्कळ आणि मैदान एकच. पण त्यामुळे हवा वाचण्याचा भाग पूर्ण गळून जातो आणि ज्याचा खांदा जोरदार किंवा नशीब बरे त्याला बक्षीस मिळते. अशा स्पर्धेत उतरताना मी मुलांना सुरक्षित ट्रिम ठेवायला सांगतो, गुरुत्वमध्य नेहमीपेक्षा थोडा पुढे, म्हणजे वाईट हवेतही विमान आडवेतिडवे जात नाही. दुसऱ्याची फेक चालू असताना बोलत बसू नये हेही सांगतो, कारण त्याचे विमान तेव्हा आपल्यासाठी हवा मोजत असते.

म्हणून आमच्या बरडावरची छोटी स्पर्धा आम्ही दोन भागांत घेतो. तीन फेकी सकाळी आठच्या आत, स्थिर हवेत. त्यात बांधणी आणि खांदा यांची परीक्षा होते. उरलेल्या तीन फेकी दहानंतर, आणि त्यासाठी प्रत्येकाला दहा मिनिटांचा अवधी दिला जातो. त्यात केव्हा फेकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. वेळ दोन जण दोन घड्याळांवर मोजतात, विमान हातातून सुटल्यापासून जमिनीला किंवा झाडाला टेकेपर्यंत, अथवा दिसेनासे होईपर्यंत, आणि दोहोंची सरासरी धरतात. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या भागात सर्वांत पुढे असलेल्या मुलाने दहाव्या मिनिटाची वाट न पाहता पहिल्या काही मिनिटांतच तिन्ही फेकी संपवल्या. नववीतल्या एका मुलीने मात्र निम्म्याहून अधिक वेळ विमान हातात धरून, फितीकडे पाहत काढला, शेवटी दोनच फेकी केल्या आणि दोन्हींत मर्यादा गाठली. सकाळची तिची एक फेक मिळवून बेरीज तिचीच मोठी झाली. यंदा दुसरा भाग साडेदहाला सुरू करण्याचे ठरले आहे, कारण जानेवारीत दहा वाजता आमच्या काळ्या वावरांतला दहिवर पुरता वाळलेला नसतो आणि पहिल्या स्पर्धकाला विनाकारण थंड हवा वाट्याला येते.